सुदुंबऱ्याचं श्वानपथक आणि धनगराचं कुत्रं

तळेगाव दाभाड्याहून चाकणच्या रस्त्याला लागलं की इंदोरीच्या पुढे सुदुंबरे येतं. वारकऱ्यांना हे गाव संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीमुळे ठाऊक आहे. अलीकडे मात्र दरड कोसळली, इमारत पडली, पूर आला की बातम्यांत या गावाचं नाव वेगळ्याच कारणाने ऐकू येतं. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे एनडीआरएफची पाचवी बटालियन इथे आहे. आधी तिचा मुक्काम तळेगावच्या केंद्रीय राखीव पोलिस दलाच्या आवारात होता. या बटालियनच्या गाड्या निघतात तेव्हा काँक्रीट कापायच्या करवती, दोरखंड, स्ट्रेचर यांच्यासोबत लॅब्रॅडॉरसारखी शिकवून तयार केलेली कुत्रीही निघतात.

ढिगाऱ्याखालचा जिवंत माणूस शोधायला कुत्र्याला कसं शिकवतात, हे पाहण्यासारखं असतं. सुरुवात अगदी पोरखेळासारखी. एक जवान कुत्र्याच्या आवडीचा चेंडू हातात नाचवतो आणि त्याच्या डोळ्यांदेखत पळत जाऊन एका पिंपात किंवा मोठ्या पाइपात लपतो. पट्टा सुटतो, कुत्रं धावत जाऊन पिंपाभोवती घोटाळतं, पाय मारतं, नाक घालतं. शेवटी वैतागून भुंकतं. त्याच क्षणी झाकण उघडतं, चेंडू बाहेर येतो आणि दोघांची झोंबाझोंबी सुरू होते. चार-सहा वेळा असं झालं की कुत्र्याने खूणगाठ बांधलेली असते: माणसाचा वास आला की भुंकायचं, भुंकलं की खेळायला मिळतं. पुढे लपणारा नजरेआड लपतो, मग त्याच्यावर फळ्या आणि दगड रचले जातात, मग अनोळखी माणसं लपवतात. वाटेत खाण्याचे तुकडे टाकतात, शेजारी जनरेटर सुरू ठेवतात. इतकं सगळं होऊनही कुत्र्याच्या लेखी तो पहिल्या दिवशीचाच खेळ असतो. त्याला कुणाचा जीव वाचवायचा नसतो. त्याला चेंडू हवा असतो.

मावळात कुत्री काही आजची नाहीत. पण अशी शिकवलेली कुत्री आणि त्यांना शिकवणं हेच ज्यांचं काम अशी माणसं, हा प्रकार महाराष्ट्रात जेमतेम साठ-पासष्ट वर्षांचा. त्याआधी कुत्रं कामाचं होतं, पण त्याला कुणी शाळेत घातलं नव्हतं.

पवन मावळात, मुळशीकडच्या डोंगरात गवळी धनगरांच्या वस्त्या आहेत. शिवाय देशावरची मेंढपाळ मंडळी दिवाळीनंतर वाड्यासकट घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाआधी परततात. बाडबिस्तरा घोड्यावर, कोंबड्या टोपलीत आणि मेंढरांच्या अंगाअंगाने कुत्री. ही कुत्री मेंढरं हाकत नाहीत. परदेशी चित्रफितींत बॉर्डर कोली जातीचं कुत्रं शिट्टीसरशी कळप डावीकडे-उजवीकडे वळवताना दिसतं, तसलं काम धनगर स्वतः काठीने आणि तोंडाने करतो. कुत्र्याचं काम राखणीचं: रात्री मेंढरं कोंडलेल्या वाघुरीभोवती पडून राहायचं आणि लांडगा, बिबट्या किंवा चोर आला की गाव जागं करायचं. हे त्याला कुणी शिकवत नाही. पिल्लू डोळे उघडतं तेव्हापासून कोकरांच्या उबेत असतं, मेंढीचा वास हाच त्याच्या घरचा वास होतो आणि घराच्या वासाला अनोळखी वास लागला की ते उठतं. अमेरिकेतले स्कॉट आणि फुलर यांनी वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून १९६५ साली ग्रंथ लिहिला. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू ज्यांच्या सहवासात राहतं त्यांना आयुष्यभर आपलं मानतं, असा त्यांचा निष्कर्ष. धनगराने हा ग्रंथ वाचलेला नव्हता, पण पिल्लू नेमकं कुठं टाकायचं हे त्याला माहीत होतं.

डोंगरातल्या कातकरी-ठाकरांचीही कुत्री असत. सशामागे, रानडुकरामागे ती माणसांबरोबर जात आणि शिकारीत वाटा मिळवत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार गेली आणि तिच्याबरोबर त्या कुत्र्यांचं कामही गेलं. उरलं ते दारातलं भुंकणं.

देवाधर्मातही कुत्र्याची जागा ठरलेली. खंडोबाच्या घोड्याबरोबर त्याचं कुत्रं असतंच. दीक्षा घेतलेले वाघ्ये स्वतःला देवाची कुत्री समजतात आणि काही विधींत कुत्र्यासारखं भुंकून प्रसाद खातात. धनगर आणि खंडोबा यांचं नातं उलगडण्यात जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांचं आयुष्य गेलं. त्यांनी शिकारीला निघालेल्या खंडोबावर चित्रपटही केला. ज्या समाजाचा देव शिकारीला निघताना कुत्रं घेऊन जातो, त्या समाजाला कुत्र्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. त्याही मागे जायचं तर श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला १९७४ साली सापडलेला काशाचा रथ पाहावा. बैल जुंपलेले, रथात माणूस उभा आणि रथाच्या दांडीवर एक कुत्रं. साडेतीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या कारागिराला रथाच्या मूर्तीत कुत्रं असलं पाहिजे असं वाटलं होतं.

मराठेशाहीतली एक गोष्ट मावळाच्या जवळची आहे. तळेगाव आणि इंदोरी ही सेनापती दाभाड्यांची गावं. खंडेराव दाभाड्यांना १७१७ मध्ये सेनापतिपद दिलं ते छत्रपती शाहू महाराजांनी. याच शाहू महाराजांचं शिकारीवर आणि एका कुत्र्यावर अतोनात प्रेम होतं. वाघाच्या शिकारीत त्या कुत्र्याने त्यांचा जीव वाचवला, म्हणून त्याला जहागीर आणि पालखीचा मान दिला, असं मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने लिहून ठेवलं आहे. पुढे एकदा महाराजांनी त्याला भरजरी वस्त्रं आणि दागिने घालून, स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवून दरबारात बसवल्याचंही तो सांगतो. डफला त्यात राजाचा विक्षिप्तपणा दिसला. त्या कुत्र्याचं नाव खंड्या असं सांगतात आणि साताऱ्याजवळ संगम माहुलीला त्याचं स्मारक आहे. रायगडावरच्या, शिवाजी महाराजांच्या वाघ्या कुत्र्याची गोष्ट जास्त प्रसिद्ध आहे, पण तिला शिवकालीन कागदाचा आधार नाही. ती लोकांच्या मनात रुजली राम गणेश गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’ नाटकामुळे, आणि स्मारक उभं राहिलं १९३६ च्या सुमारास. वाद घालायचाच असेल तर वाघ्यावर घालावा. खंड्याचा पुरावा त्या मानाने बरा आहे.

इंग्रज आले आणि कुत्र्याचे दोन वर्ग पडले: साहेबाचं आणि रस्त्यावरचं. मुंबईत रस्त्यावरची कुत्री मारणाऱ्याला दर कुत्र्यामागे आठ आणे मिळत. १८३२ च्या जूनमध्ये या मारेकऱ्यांवर पारशी समाज उठला, दुकानं बंद झाली, फोर्टात दंगल उसळली आणि लष्कर बोलवावं लागलं. पारशी धर्मात मृताला कुत्र्याची नजर दाखवण्याचा विधी आहे, त्यामुळे हा त्यांच्या लेखी नुसता दयेचा प्रश्न नव्हता.

तीसेक वर्षांनी, १८६३ मध्ये, बोर घाटातली रेल्वे सुरू झाली आणि मुंबईचे शेटजी, वकील, साहेब उन्हाळ्यात खंडाळा-लोणावळ्याला येऊ लागले. बंगले झाले. बंगल्याबरोबर कुत्रीही वर चढली, फॉक्स टेरियर, स्पॅनियल, पुढे अल्सेशियन. गार्डाच्या डब्यात कुत्र्यासाठी पेटी असते ती त्याच काळाची देणगी, आणि कुत्रं रेल्वेने न्यायचं तर आजही ती एक सोय आहेच. गावकऱ्यांनी पहिल्यांदाच असं कुत्रं पाहिलं की ज्याला काही काम नाही आणि तरी खायला घालायला नोकर आहे. लोणावळ्याच्या बंगल्यांतलं कुत्र्याचं हे बिनकामी जिणं पुढे शंभर-दीडशे वर्षं तसंच चालू राहिलं. त्याकडे शेवटी यायचंच आहे.

कुत्र्याला सरकारी नोकरी लागली ती युरोपात. बेल्जियममधल्या गेन्ट शहराने १८९९ मध्ये रात्रीच्या गस्तीसाठी पोलिसांना कुत्री दिली. जर्मनीतल्या आपोल्डा गावच्या डॉबरमन नावाच्या करवसुली कारकुनाने स्वतःच्या संरक्षणासाठी जात तयार केली होती. ती या कामाला नेमकी उपयोगी पडली. १९१० साली जर्मन पोलिस अधिकारी कोनराड मोस्ट याने कुत्र्यांच्या शिकवणीवर पुस्तक लिहिलं आणि जगभरच्या पोलिस आणि लष्करी शाळांनी ते मार्गदर्शक मानलं. त्यातली शिस्त कडक. गळ्याला फास लागणारी साखळी, पट्ट्याचा जोरदार झटका, चुकलं की शिक्षा. बक्षीस होतं, पण धाक आधी.

मुंबई पोलिसांचं श्वानपथक १९५९ च्या डिसेंबरात तीन डॉबरमनांवर सुरू झालं. काम होतं गुन्हेगाराचा माग काढण्याचं. पुढे राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाचं श्वान प्रशिक्षण केंद्र पुण्यात शिवाजीनगरला उभं राहिलं आणि जिल्ह्याजिल्ह्यांची कुत्री तिथे शिकून जाऊ लागली. त्यांना सांभाळणाऱ्या पोलिसाला खात्यात ‘श्वान हस्तक’ म्हणतात. एका कुत्र्याला साधारणपणे दोन हस्तक, म्हणजे एक रजेवर गेला तरी कुत्रं पोरकं होत नाही. हस्तक साताऱ्याचा असो की नांदेडचा, हुकूम मात्र ‘सिट’, ‘स्टे’, ‘हील’ असेच. हाड म्हटलं की पळणाऱ्या आणि छू म्हटलं की अंगावर जाणाऱ्या गावच्या कुत्र्याला यातला एकही कळायचा नाही.

गावात खून झाला, घरफोडी झाली की श्वानपथक येणार ही बातमीच मोठी असायची. माणसं गोळा व्हायची, झाडावर चढायची. कुत्रं ओट्यावरच्या चपलेचा वास घ्यायचं, शेताच्या बांधाने निघायचं, आणि बहुतेक वेळा मोठ्या रस्त्याशी किंवा ओढ्याशी जाऊन घुटमळायचं. ‘श्वान काही अंतरापर्यंत जाऊन घुटमळले’ हे वाक्य मराठी वर्तमानपत्रांनी इतक्या वेळा छापलं आहे की ते खिळ्यात जुळवूनच ठेवलेलं असावं. त्यात कुत्र्याचा दोष नाही. डांबर तापतं, वाहनं जातात, पाणी वास धुऊन नेतं, आणि पथक पोचेपर्यंत शंभर माणसं त्या जागेवरून फिरलेली असतात.

पण कुत्रं एखाद्या माणसापाशी जाऊन थांबलंच, तर? महाराष्ट्रातल्याच एका रेल्वे घातपाताच्या खटल्यात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. अब्दुल रजाक मुर्तजा दफेदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल १९७० च्या ‘ऑल इंडिया रिपोर्टर’मध्ये छापलेला आहे. अशा पुराव्यावर सहसा घेतले जाणारे आक्षेप न्यायालयाने नोंदवले. कुत्रं साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहू शकत नाही, त्याची उलटतपासणी होऊ शकत नाही, त्याच्या वतीने हस्तक बोलतो म्हणजे ती ऐकीव साक्ष झाली. माणसाचं आयुष्य आणि स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर टांगलेलं असू नये. शिवाय असा पुरावा मनावर त्याच्या लायकीपेक्षा जास्त छाप पाडतो. पुरावा ग्राह्य आहे की नाही यापेक्षा त्याला वजन किती हा खरा प्रश्न, आणि विज्ञानाच्या तेव्हाच्या स्थितीत ते फारसं नाही, असा न्यायालयाचा कल. तेव्हापासून कुत्र्याचा माग तपासाला दिशा देतो, पण केवळ त्याच्या जोरावर कुणाला शिक्षा ठोठावणं न्यायालयं टाळतात.

न्यायालयाची शंका किती रास्त होती हे प्रयोगांनीही दाखवलं आहे. १९०७ साली बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा गणितं सोडवतो अशी ख्याती होती. ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की घोडा आकडे मोजत नव्हता, प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा ताण कधी सैलावतो ते पाहून थांबत होता. कुत्रं याबाबतीत घोड्याच्याही वरचढ. २०११ मध्ये कॅलिफोर्नियात हस्तक आणि कुत्रं अशा अठरा जोड्यांची परीक्षा घेतली गेली. जागेत अमली पदार्थ किंवा स्फोटकं नव्हतीच. काही ठिकाणी नुसते लाल कागद लावून ‘इथे वास आहे’ असं हस्तकांना सांगितलं होतं. बहुतेक जोड्यांनी खोट्या खुणा दिल्या आणि कागद लावलेल्या जागी त्या जास्त निघाल्या. हस्तकाच्या मनात जे होतं तेच निकालात उतरलं. म्हणून चांगला प्रशिक्षक आधी हस्तकाला शिकवतो: श्वास रोखू नकोस, पावलं मंद करू नकोस, जागेकडे एकटक पाहू नकोस.

डॉबरमनाचा जमाना ओसरून लॅब्रॅडॉर आला तो बॉम्बच्या भीतीने. स्फोटकं हुंगण्यासाठी आक्रमक कुत्रं नकोच असतं. गर्दीत मुलांच्या अंगावर न जाणारं, अधाशी आणि खेळकर असं हवं असतं. शिवाजीनगरच्या केंद्रात तयार झालेला झंजीर हा फिकट रंगाचा लॅब्रॅडॉर १९९२ च्या डिसेंबरअखेर मुंबईच्या बॉम्बशोधक पथकात दाखल झाला आणि अडीच महिन्यांत १२ मार्च १९९३ उजाडला. त्या दिवशीच्या साखळी बॉम्बस्फोटांनंतरच्या शोधात त्याच्या नाकाने ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसं पकडून दिल्याची नोंद आहे. नोव्हेंबर २००० मध्ये तो परळच्या जनावरांच्या रुग्णालयात गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. स्फोटकं सापडल्यावर हे कुत्रं भुंकत नाही, उकरत नाही. गप बसून हस्तकाकडे पाहतं. उकरलं तर काय होईल हे सांगायला नको. सुदुंबऱ्याच्या कुत्र्याला मात्र नेमकं भुंकायलाच शिकवलेलं असतं, कारण ढिगाऱ्याच्या पलीकडे गेलेलं कुत्रं हस्तकाला दिसत नसतं.

धाकाची शिकवण मागे पडायला हुंगण्याच्या या कामानेच मदत केली. चोराच्या अंगावर जायला धाक चालतो, पण धाकाने हुंगायला लावता येत नाही. माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी साठ लाखांच्या आसपास, कुत्र्याच्या वीस कोटींच्या वर. ते सेकंदाला पाचेक वेळा हुंगतं आणि नाकपुडीच्या बाजूच्या फटीतून श्वास सोडतं, म्हणजे समोरचा वास विस्कटत नाही. ही सगळी यंत्रणा कुत्र्याला स्वतःला हवंसं वाटलं तरच चालते. धाकातलं कुत्रं हुंगत नाही, हस्तकाच्या हाताकडे पाहत राहतं. म्हणून पट्ट्याच्या झटक्याची जागा हळूहळू चेंडूने घेतली. ‘कुत्र्यावर हुकमत गाजवा, तुम्ही कळपाचे नायक आहात हे दाखवा’ हा सल्लाही विज्ञानाने काढून घेतला. त्याचा उगम होता पिंजऱ्यात कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांवर १९४७ मध्ये झालेल्या अभ्यासात. त्या कल्पनेला ज्यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे प्रसिद्धी मिळाली त्या डेव्हिड मीच यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं. तिथे नायकपदासाठी मारामाऱ्या चालत नाहीत. तरी गल्लोगल्लीचे काही शिकवणीवाले अजून कुत्र्याला उताणं पाडून ‘त्याला जागा दाखवतात’.

इथे एक प्रश्न हमखास विचारला जातो. आपली कुत्री का नाही? मुधोळच्या घोरपड्यांनी नावारूपाला आणलेलं मुधोळ हाउंड आहे, लातूर जिल्ह्यातल्या जानवळची पश्मी कुत्री आहेत. मुधोळला लष्कराने २०१६ पासून मेरठच्या केंद्रात शिकवून पाहिलं आहे. पण ही कुत्री नजरेने शिकार करणारी. दूरवर काही हललं की ती बाणासारखी सुटतात. ढिगाऱ्यावर पुन्हापुन्हा नाक घासत बसणं हा त्यांच्या रक्तातला धंदा नव्हे. प्रत्येक कुत्र्याला प्रत्येक काम लावायचं, हा अभिमानाचा मुद्दा झाला की कुत्र्याचे हाल होतात.

आता पुन्हा सुदुंबऱ्याकडे. एनडीआरएफची स्थापना २००६ ची, २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यातून झालेली. पाचव्या बटालियनचे जवान केंद्रीय राखीव पोलिस दलातून येतात. महाडला २४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली, तेव्हा पुण्याहून गेलेल्या तुकड्यांबरोबर श्वानपथकही होतं. चार वर्षांचा एक मुलगा एकोणीसेक तासांनी आणि एक वयस्कर बाई सव्वीस तासांनी जिवंत निघाली. काँक्रीट कोसळतं तेव्हा स्लॅब एकमेकांवर तिरके पडून मध्ये पोकळ्या राहतात. त्यात माणूस श्वास घेऊ शकतो आणि त्याचा वास फटींतून बाहेर येतो. कुत्र्याचं काम तिथे जमतं.

सह्याद्रीच्या दरडीत असं नसतं. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव चिखलाखाली गेलं आणि दीडशेहून अधिक माणसं दगावली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात, लोणावळ्याच्या घाटाखाली, इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकरांची इर्शाळवाडी गाडली गेली. तिथे यंत्र जाईना, पायवाटेने चढून जायचं, वर पाऊस आणि धुकं. जवान, गिर्यारोहक आणि कुत्री पायीच गेली. चार दिवसांनी शोध थांबला तेव्हा २७ मृतदेह सापडले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती. ओला चिखल सगळ्या पोकळ्या भरून टाकतो, हवा राहत नाही, आणि वास चिखलातून वर यायला वाट मिळत नाही. असलाच तर तो पाण्याबरोबर उतारावर वाहत जातो आणि कुत्रं भलत्याच जागी खूण देतं. अशा वेळी शोधपथकं चिखलात जागोजागी सळया खुपसून भोकं पाडतात, वास वर येऊ देतात आणि मग कुत्र्याला पुन्हा फिरवतात.

दुसरी अडचण कुत्र्याच्या मनाची. जिवंत माणूस शोधायला शिकलेल्या कुत्र्याला दिवसभर कुणीच सापडलं नाही तर ते मरगळतं. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर हस्तकांनी यावर उपाय केला तो साधा. शोधाच्या मधल्या वेळात एखादा सहकारी मुद्दाम ढिगाऱ्यात लपायचा आणि कुत्र्याला ‘सापडायचा’. मृतदेहाचा वास हा वेगळा विषय, त्याची शिकवणी वेगळी. केरळ पोलिसांच्या माया आणि मर्फी या दोन मॅलिनॉय कुत्र्यांना ती दिलेली होती आणि २०२४ च्या वायनाडच्या दरडीत त्यांचा उपयोग झाला. त्यानंतर एनडीआरएफनेही अशी कुत्री तयार करायला घेतली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानातल्या भूकंपात एनडीआरएफच्या ज्युली आणि रोमिओ यांनी नुर्दागी गावात सहा वर्षांची मुलगी शोधून दिली, तेव्हा पद्धत पाहण्यासारखी होती. ज्युली भुंकली. तेवढ्यावर खोदाई सुरू केली नाही. रोमिओला आणलं, तोही तिथेच भुंकला, मग खोदलं. एकाच्या साक्षीवर विसंबायचं नाही, हे न्यायालयाचं म्हणणं ढिगाऱ्यावरही पाळलं जातं.

आता लोणावळ्याच्या बंगल्यांकडे. सुदुंबऱ्यात चेंडूने शिकवलेली कुत्री आणि पस्तीस-चाळीस किलोमीटरवर तुंगार्ली, खंडाळ्यात बंगल्याच्या फाटकाला बांधलेली कुत्री यांच्यातलं अंतर किलोमीटरात मोजता येणार नाही. मालक शनिवारी येतो. बाकी दिवस माळी किंवा राखणदार भाकर-भात टाकतो, कुत्रं साखळीवर. सायबेरियातल्या बर्फात गाड्या ओढायला घडवलेली हस्की मावळच्या मे महिन्यात धापा टाकत फरशीवर पडलेली दिसते. असं कुत्रं भुंकतं, उकरतं, चावतं, आणि मग त्याला शिस्त लावायला पुण्याहून कुणीतरी बोलावलं जातं. त्याला शिस्तीची गरज नसते. त्याला कामाची, नाही तर निदान सोबतीची गरज असते.

आणि रात्री बाहेर बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला आमंत्रण. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत बिबट्याच्या खाण्यातला वजनाने ३९ टक्के वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला. मावळात यापेक्षा वेगळं असायचं कारण नाही. धनगराचं कुत्रं निदान मोकळं असतं, जोडीने असतं, पळू शकतं. साखळीवरच्याला तेही नाही.

भुशी धरणाच्या वाटेवर, लोहगडाच्या पायऱ्यांवर पर्यटकांच्या मागे चालणारी गावठी कुत्री पाहिली की शिकवणीशिवाय कुत्रं किती शिकतं ते कळतं. पिशवी कोणाची फुगलेली आहे, कोण मक्याचं कणीस टाकणार आणि कोण दगड उचलणार, हे त्यांना दुरून समजतं. कोलकात्याच्या आयसरमध्ये अनिंदिता भद्र यांच्या गटाने रस्त्यावरच्या कुत्र्यांवर वर्षानुवर्षं काम केलं. ज्यांना कधी कुणी शिकवलं नाही अशी कुत्रीही माणसाने बोट दाखवलेल्या भांड्याकडे जातात, असं त्यांना आढळलं. त्याच गटाच्या दुसऱ्या पाहणीत सात महिन्यांच्या वयापर्यंत जेमतेम १९ टक्के पिल्लं जगली आणि मेलेल्यांतली बहुसंख्य माणसांमुळे मेली. इतक्या कडक परीक्षेतून उरलेलं गावठी कुत्रं माणूस ओळखण्यात कच्चं कसं राहील?

मावळात आणि घाटमाथ्यावर राहणाऱ्यांना मात्र एक सांगणं आहे. पावसाळ्यात आपल्या भागात दरड कोसळली आणि शोधपथक आलं, तर ढिगाऱ्यावर गर्दी करू नका. हरवलेल्याच्या काळजीने तिथे फिरणारं प्रत्येक पाऊल नवा वास टाकतं. पथकाने सांगितलं की गाड्या आणि जनरेटर बंद करा, बोलणं थांबवा, गावची कुत्री बांधून ठेवा. शेवटचं कोण कुठल्या खोलीत, कुठल्या गोठ्यात होतं हे एकाच जाणत्या माणसाने पथकप्रमुखाला सांगावं. कुत्र्याला काम करायला मिळणारे पहिले काही तासच महत्त्वाचे असतात.